बसस्टॉपवरचा धूर, बाल्कनीतला धूर आणि दम्याची मुलगी

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा, की तुम्ही कोथरूडला राहता, सात वर्षांच्या मुलीला दमा आहे, गेल्या हिवाळ्यात दोनदा रात्री नेब्युलायझरसाठी पळावं लागलं. तुमचे वडील रोज दोन-तीन सिगरेटी ओढतात पण "बाल्कनीत, दार लावून". मुलीची स्कूलबस जिथे थांबते तिथेच पीएमपी बसचा स्टॉप आहे, स्टॉपला चिकटून टपरी आणि सकाळी सात वाजता चहा-सिगरेटवाल्यांचा घोळका. तुम्ही एकाला बोललात तर तो म्हणाला रस्ता सगळ्यांचा आहे. ऑफिसमधले मित्र म्हणतात उघड्यावर धूर उडून जातो, सार्वजनिक जागी धूम्रपानाला बंदी म्हणजे लोकांच्या मागे उगाच लागणं. आणि तुम्ही विचारताय की ह्या बंदीचा न ओढणाऱ्यांना खरंच काही फायदा होतो का, की नुसते बोर्ड.

मी छातीच्या विकारांची डॉक्टर आहे, पुण्यात बावीस वर्षं प्रॅक्टिस करतेय. माझ्या मते तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. एक कायद्याचा, आणि दुसरा जो तुम्ही सरळ विचारला नाहीत पण वाचताना मला तोच दिसला, की माझ्या मुलीच्या छातीत धूर येतो तरी कुठून आणि किती. दुसऱ्यापासून सुरुवात करते, कारण त्याचं उत्तर बरंचसं तुमच्या घरात आहे.

आधी हे सांगते की मी तुमच्या मुलीला तपासलेलं नाही, त्यामुळे तिचा दमा सिगरेटमुळेच बळावतोय असं मी म्हणणार नाही. पुण्यात दम्याला कारणांची कमी नाही. गाजरगवत आहे, बांधकामाची धूळ आहे, डिसेंबर-जानेवारीत सकाळी हवा इतकी स्थिर असते की टेकडीवरून बघितलं तर शहरावर राखाडी थर बसलेला दिसतो. सोसायट्यांच्या डक्टमध्ये कबुतरं असतात, त्यांच्या विष्ठेने आणि पिसांच्या भुकटीने फुफ्फुसं खराब झालेले पेशंट मी दर वर्षी बघते. आणि मच्छर अगरबत्ती. घरात सिगरेट ओढत नाही कोणी असं ठासून सांगणारे लोक रात्रभर मुलाच्या पलंगाखाली कॉइल लावतात, एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगरेटींइतके भरले होते. म्हणून पहिल्या भेटीत मी कॉइल, धूप, कबुतरं, भिंतीतली ओल हे सगळं विचारते. तुम्हीही स्वतःला विचारून बघा. पण हे सगळं असूनही सिगरेटचा धूर वेगळा काढून बोलावं लागतं कारण तो उद्यापासून थांबवता येतो, शहराची हवा उद्यापासून बदलता येत नाही.

आता धूर कसा वागतो ते बघा. सिगरेट ओढणारा माणूस आठ-दहा झुरके घेतो, बाकी सगळा वेळ ती बोटांत नुसती जळत असते. त्या जळत्या टोकाचा धूर ना फिल्टरमधून जातो ना कोणाच्या फुफ्फुसातून, तो थेट हवेत येतो, आणि झुरका घेताना जेवढी आग पेटते तेवढी तेव्हा नसते त्यामुळे तंबाखू अर्धवट जळते आणि धूर जास्त विषारी निघतो. खोलीत दुसऱ्याच्या वाट्याला जो धूर येतो त्यातला साधारण ८५ टक्के हा असा असतो. तंबाखूच्या धुरात सात हजारांहून जास्त रसायनं सापडली आहेत, त्यातली सत्तरच्या आसपास कॅन्सर करणारी. मोठ्या माणसात न ओढताही घरी किंवा कामावर हा धूर खाल्ला तर हृदयविकाराचा धोका २५ ते ३० टक्क्यांनी आणि फुफ्फुसाच्या कॅन्सरचा २० ते ३० टक्क्यांनी वाढतो, हे अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे तिथल्या सरकारच्या मुख्य डॉक्टरच्या, २००६ च्या अहवालात आहे. त्याच अहवालात असंही म्हटलंय की ह्याची सुरक्षित पातळी कुठलीच नाही. मुलांचं आणखी वेगळं. त्यांच्या श्वासनळ्या अरुंद, श्वास आपल्यापेक्षा जलद, म्हणजे वजनाच्या मानाने ती जास्त हवा आत घेतात, आणि दम्याच्या मुलात नळ्या आधीच सुजलेल्या असतात त्यात हा धूर गेला की थोड्या सुजेनेही छाती वाजायला लागते.

तुमच्या मित्रांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. उघड्यावर धूर विरतो, खरंय. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लोकांनी २००७ साली हे यंत्र लावून मोजलं होतं, उघड्यावर जळत्या सिगरेटपासून अर्ध्या मीटरवर बसलात तर धुराचं प्रमाण घरातल्या इतकं जाऊ शकतं, दोन मीटरच्या पलीकडे ते खूप खाली येतं आणि सिगरेट विझली की लगेच हवा साफ होते. बंद खोलीत तसं होत नाही, तिथे तो तासन् तास राहतो. म्हणजे उघड्यावर प्रश्न अंतराचा आणि माणसांच्या संख्येचा आहे. आता तुमच्या स्टॉपचं चित्र डोळ्यासमोर आणा. थंडीची सकाळ, वारा नाही, स्टॉपला पाठीमागे आणि बाजूला जाहिरातीचे पत्रे, त्यात पाच-सहा जण एकाच वेळी ओढतायत आणि त्यांच्या मध्ये तुमची लेक उभी. मोठा माणूस सिगरेट हातात खाली धरून उभा राहतो ना, तो हात नेमका सात वर्षांच्या मुलाच्या तोंडाच्या उंचीवर असतो. हे मी पालकांना उभं राहून दाखवते तेव्हा त्यांना पटतं. म्हणून पहिला साधा उपाय, तिला घोळक्यापासून दहा-पंधरा पावलं लांब, धूर जिकडे वाहतोय त्याच्या उलट बाजूला उभं करा. हे कुणाशी भांडण न करता उद्याच करता येतं.

बाल्कनीचं जास्त अवघड आहे, आणि खरं सांगायचं तर मला टपरीपेक्षा बाल्कनीची काळजी जास्त वाटते. टपरीवर ती दहा मिनिटं असते, घरात चौदा-पंधरा तास. स्वीडनमध्ये लहान मुलांच्या लघवीत निकोटिनपासून तयार होणारं कोटिनिन मोजलं होतं. ज्यांचे आईबाप घरात ओढायचे त्या मुलांमध्ये ते न ओढणाऱ्यांच्या मुलांपेक्षा पंधरापट, आणि जे बाहेर जाऊन दार घट्ट बंद करून ओढायचे त्यांच्याही मुलांमध्ये जवळजवळ दुप्पट. उघड्या दारात उभं राहून ओढणं त्याहून वाईट. म्हणजे बाबा दार लावून ओढतात हे चांगलंच आहे, त्यांनी काळजी घेतलीये, त्यांना तसं बोलूनही दाखवा, पण ते शून्य नाही. कपड्यांना, बोटांना, मिशीला निकोटिन चिकटून राहतं, ओढून आल्यावर थोडा वेळ उच्छ्वासातूनही धूर येत राहतो, आणि नात लगेच मांडीवर जाऊन बसते. शिवाय आपल्याकडच्या बाल्कन्या काही उघडी मैदानं नाहीत, वरच्याची खिडकी आणि तुमची बाल्कनी यात आठ-दहा फूट, स्लायडिंगच्या फटी, आणि बाथरूमचा डक्ट तर धुराला जिन्यासारखा आहे, खालच्या मजल्यावर कोणी संडासात ओढली की वरच्या तीन घरांत वास.

बाबांशी बोलताना मात्र त्यांना गुन्हेगार करू नका. मी माझ्या पहिल्या काही वर्षांत ही चूक बऱ्याचदा केली. आजोबांना नातवंडांसमोर सुनावायचे, ते मान खाली घालून जायचे आणि नंतर लपून ओढायचे, बाथरूममध्ये, म्हणजे अजून वाईट. एका आजोबांनी मला वेगळं शिकवलं. नातवाला पीक फ्लो मीटर दिला होता, प्लास्टिकची नळी असते, जोरात फुंकायचं आणि श्वास किती वेगाने बाहेर पडला तो आकडा लिहायचा, पाच-सहा वर्षांच्या वरच्या बऱ्याच मुलांना जमतं. तो आकडा रोज लिहायचं काम मी आजोबांना दिलं, दुसरं काही बोलले नाही. तीन आठवड्यांनी ते वही घेऊन आले आणि म्हणाले, मॅडम, मी गावाला गेलो ते आठ दिवस पोराचे आकडे चांगले आहेत. आठ दिवसांवरून शास्त्र सिद्ध होत नाही, हवा बदलली असेल, शाळेला सुट्टी असेल, पण त्यांना ते स्वतःच्या हाताने लिहिलेल्या वहीत दिसलं. त्यांची चाळीस वर्षांची सवय होती, सुटायला सात महिने लागले, मध्ये दोनदा परत सुरू झाली. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगरेट लागत असेल तर व्यसन पक्कं आहे असं समजा, अशा माणसाला नुसतं मनाने सोड म्हणणं म्हणजे अन्याय आहे, त्याला निकोटिनचा गम, पॅच, कधी गोळ्या आणि वरचेवर बोलणारं माणूस लागतं. सरकारची १८००-११-२३५६ ही मोफत लाइन आहे, पाकिटावर छापलेली असते.

आता कायदा. लोकांना वाटतं ही बंदी कालपरवाची, पण मुंबईचे काँग्रेस नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २००१ मध्येच दवाखाने, शाळा-कॉलेजं, कोर्ट, सरकारी ऑफिसं, लायब्ऱ्या, बस-रेल्वे अशा ठिकाणी धूम्रपान थांबवायला सांगितलं होतं. मग २००३ चा तंबाखू नियंत्रण कायदा आला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून त्याचे सार्वजनिक जागांचे नियम लागू झाले. त्यात खासगी ऑफिसं, हॉटेलं, मॉल, थिएटर सगळं आलं. दंड दोनशे रुपयांपर्यंत. कायद्यात मोकळी जागा वगळलेली आहे, त्यामुळे रस्ता सगळ्यांचा म्हणणारा माणूस नुसत्या रस्त्याबद्दल बोलत असेल तर कायद्याने तो चुकीचा नाही. पण २००८ च्या नियमांत स्पष्ट लिहिलंय की बसस्टॉप, रेल्वे स्टेशन, स्टेडियम ही लोकांची ये-जा असलेली ठिकाणं मोकळी जागा म्हणून सुटणार नाहीत. म्हणजे स्टॉपच्या छपराखाली ओढणं हा गुन्हा आहे आणि चार पावलं लांब फुटपाथवर ओढणं बहुतेक वेळा नाही. टपरी जर शाळेपासून शंभर यार्डाच्या आत असेल, म्हणजे साधारण नव्वद मीटर, तर तिथे तंबाखू विकणंच बेकायदा आहे, आणि २०२० च्या सप्टेंबरपासून महाराष्ट्रात सुटी, म्हणजे एकेक सिगरेट विकायलाही बंदी आहे. स्वतःच्या घरात आणि बाल्कनीत ओढणं ह्या कायद्यात येत नाही. जिना, लिफ्ट, पार्किंग ह्यासाठी सोसायटीने सर्वसाधारण सभेत ठराव करून बोर्ड लावला की वाद बरेच कमी होतात, हा माझ्या पेशंटांचा अनुभव.

मग ह्याचा उपयोग होतो का. माझं उत्तर हो, आणि का ते सांगते. मी लहान असताना आम्ही एसटीने आजोळी जायचो, स्वारगेटहून गाडी सुटली की घाटापर्यंत निम्मी गाडी विड्या पेटवायची, "धूम्रपान करू नये" हे ड्रायव्हरच्या डोक्यावर लिहिलेलंच असायचं, आणि मला दर वेळी उलटी व्हायची म्हणून आई खिडकीची जागा धरायची. आज एसटीत कोणी विडी पेटवली तर कंडक्टरच्या आधी शेजारचा बोलतो. प्रत्येक गाडीत पोलीस बसवला नव्हता. कायदा आला आणि न ओढणाऱ्याला बोलायला बळ आलं, मग हळूहळू चाल बदलली.

आकडे हवे असतील तर स्कॉटलंडचे बघा, ते मला सगळ्यात विश्वासाचे वाटतात. तिथे २६ मार्च २००६ ला बंद सार्वजनिक जागांत बंदी आली. आधीच्या आणि नंतरच्या दहा-दहा महिन्यांची तुलना केली तर हृदयाच्या झटक्याने ॲडमिट होणारे १७ टक्क्यांनी कमी झाले, आणि कधीच न ओढलेल्यांमध्ये २१ टक्क्यांनी, म्हणजे फायदा न ओढणाऱ्यांना जास्त. तुमच्यासाठी महत्त्वाचं पुढे आहे. लोकांना भीती होती की बाहेर बंदी आली की माणसं घरात बसून ओढतील आणि पोरांचे हाल होतील. झालं उलटं. दम्यासाठी ॲडमिट होणाऱ्या मुलांची संख्या बंदीआधी वर्षाला पाच टक्क्यांनी वाढत होती, ती नंतर वर्षाला अठरा टक्क्यांनी कमी व्हायला लागली. एकदा बाहेर ओढणं गैर वाटायला लागलं की माणूस घरातही दहा वेळा विचार करतो. अमेरिकेतल्या हेलेना गावाचा एक आकडा फिरत असतो, सहा महिन्यांच्या बंदीत झटके चाळीसवरून चोवीसवर आले असा. तो खरा आहे पण गाव छोटं, संख्या छोटी, त्यावर मी फार वजन टाकत नाही.

आणि मला हा विषय एवढा का लागतो ते एका पेशंटमुळे. परमिट रूममध्ये एकोणीस वर्षं वेटर. आयुष्यात विडी-सिगरेटला हात लावला नाही, माळकरी माणूस. आला तेव्हा जिना चढताना धाप, फुंकण्याची टेस्ट केली तर रिपोर्ट वीस वर्षं ओढणाऱ्यासारखा. मी विचारलं चुलीचा धूर, कारखाना, काही? नाही. फक्त संध्याकाळी सहा ते रात्री एक, टेबलांच्या मध्ये. मी म्हटलं नोकरी बदला. तो म्हणाला, मॅडम, पन्नाशीत कोण देतंय. गिऱ्हाईक धुराचा त्रास झाला तर उठून दुसरीकडे जातं, वेटरला जाता येत नाही. वॉचमनला नाही, एसी ऑफिसातल्या हाऊसकीपिंगच्या बाईंना नाही, रिक्षात बसलेल्या गरोदर बाईला नाही आणि तुमच्या मुलीला त्या स्टॉपवरून नाही. माझ्यासाठी ही बंदी ज्याला उठून जाता येत नाही त्याच्यासाठी आहे. तीस किंवा जास्त सीटच्या हॉटेलांना वेगळी स्मोकिंग रूम ठेवायची मुभा आहे, पण २०१७ च्या दुरुस्तीने त्या खोलीत काहीही सर्व्ह करायला मनाई केली, ती मला फार योग्य वाटते, कारण तिथे सर्व्ह करायला पुन्हा तोच माणूस पाठवला जायचा.

हक्काचा मुद्दा मला खोटा वाटत नाही. मोठ्या माणसाने स्वतःच्या शरीराचं काय करावं हे मी ठरवणार नाही, माझ्याकडे सिगरेट ओढणारे पेशंट येतात, मी त्यांच्यावरही तितक्याच मनापासून उपचार करते. पण २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले ओढणारे प्रौढ ३.८ टक्के होते. (खाणारे २४.४ टक्के, आणि आपल्याकडच्या बायकांची मिशरी त्यातच, तो वेगळा मोठा विषय आहे.) म्हणजे शंभरातले शहाण्णव ओढत नाहीत. त्यांना स्टॉपवर, लिफ्टमध्ये, वेटिंगमध्ये साधी हवा मागण्यासाठी अजिजी करावी लागू नये एवढंच माझं म्हणणं आहे.

बोलायचं कुणाशी, ह्यात बहुतेक लोक चुकतात. मी निवासी डॉक्टर असताना आमच्या रुग्णालयात मागच्या जिन्यावर स्टाफ आणि नातेवाईक सर्रास ओढायचे, आणि त्या जिन्याला लागून ऑक्सिजनवरच्या पेशंटांचा वॉर्ड. मी एकेकाशी भांडले, ऐकून घेतलं, काही झालं नाही, वरिष्ठांनीही कानाडोळा केला. मग नव्या सिस्टर इन्चार्ज आल्या, त्यांनी थोटकं टाकायचा डबा उचलला, जिन्याचं वॉर्डकडचं दार बंद ठेवायला लावलं, वॉचमनची खुर्ची तिथे नेली. दोन आठवड्यांत जिना साफ. नियमही हेच सांगतात, जागेचा मालक किंवा मॅनेजर जबाबदार, त्याने ॲशट्रे-काड्यापेटी ठेवायची नाही, ठरलेल्या मापाचा बोर्ड लावायचा, तक्रारीवर काही केलं नाही तर जेवढे ओढणारे तेवढा दंड त्याच्यावर. त्यामुळे ओढणाऱ्याशी एकट्याने वाद घालू नका, विशेषतः मुलगी सोबत असताना. जागा ज्याच्या ताब्यात आहे त्याला गाठा.

तुमच्या बाबतीत मी ह्या क्रमाने जाईन. आधी मुलीचं औषध. रोजचा प्रिव्हेंटर पंप, म्हणजे त्रास होऊ नये म्हणून घ्यायचा तो, स्पेसरने (पंपाला जोडायचा पोकळ डबा) नीट घेतला जातोय का ते डॉक्टरांसमोर तिला करून दाखवायला सांगा, आणि छाती वाजत नाही म्हणून तो स्वतःहून बंद करू नका, हिवाळ्यात रात्री पळावं लागणाऱ्या निम्म्या मुलांमध्ये मला हेच सापडतं. मग घर. कॉइल बंद, मच्छरदाणी सुरू, डक्टला जाळी. बाबांना पीक फ्लोची वही, आणि तोपर्यंत एवढं की त्यांनी बिल्डिंगच्या खाली जाऊन ओढावी, वर आल्यावर हात-तोंड धुवून शर्ट बदलावा आणि मगच नातीला जवळ घ्यावं. स्टॉपचं शेवटी. स्कूलबसच्या काकांना थांबा वीस-पंचवीस पावलं पुढे घेता येईल का विचारा, तुमच्याबरोबर त्या स्टॉपवरच्या अजून तीन-चार पालकांनी शाळेला लिहून दिलं तर हे सहसा आठवड्यात होतं. टपरीवाल्याशीही बोला, शांतपणे, सकाळी नाही, दुपारी गिऱ्हाईक नसताना. त्याचं पोट त्यावर आहे आणि बऱ्याचदा त्याचीही मुलं त्याच धुरात मागे बसून अभ्यास करत असतात. बाकडं आणि लायटरची दोरी स्टॉपच्या विरुद्ध बाजूला ने, एवढंच मागा. माझ्या एका पेशंटच्या आईने असंच केलं होतं, घोळका आपोआप तिकडे सरकला.

वही चार आठवडे भरू दे. मग ती घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा, आणि जाताना बाबांनाही सोबत न्या, आकडे त्यांनाच वाचून दाखवू द्या.